धागा: तोंडातला तुकडा तपासायला देतात तेव्हा नेमकं काय पाहतात?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, घरची शेती, कपाशी अन् तूर. प्रश्न माझ्या थोरल्या दादाचा आहे. वय ४१. पंधरा-सोळा वर्षांपासून खर्रा खाते (सुपारी, तंबाखू अन् चुना घोटलेला), दिवसाला पाच-सहा पुड्या. मागच्या उन्हाळ्यापासून त्याले तिखट सोसत नाही. वहिनीनं ठेचा वाढला का डोळ्यातून पाणी. आम्हाला वाटलं, तोंड आलं असन, उन्हाचं असन. आता दोन बोटंही तोंडात नीट जात नाहीत. भाकर दुधात भिजवून बारीक करून द्यावी लागते. गालाच्या आतून पांढुरकं झालं आहे अन् उजव्या बाजूले एक लाल चट्टा आहे, दीड महिना झाला, भरून येत नाही.

परवा वर्ध्याकडे मोठ्या दवाखान्यात नेलं. मॅडमनं बोट घालून गाल चाचपला अन् म्हणाल्या, "आतली ऊती बदलली आहे. त्या लाल जागेचा तुकडा काढून तपासू." दादा खुर्चीवरून उठूनच आला. गावात सगळे एकच सांगतात, चाकू लागला का रोग पसरते.

सोमवारी परत बोलावलं आहे. ऊती म्हणजे काय हे नववीत वाचलं होतं, आता काही आठवत नाही. त्या एवढ्याशा तुकड्यात दिसते काय? अन् पसरते का खरंच? दादाले समजावता येईल असं कोणी सांगा.

कापूसवेचा
भाऊ, भेव दाखवायले लिहून नाही राह्यलो. माह्या मोठ्या बाबाचं असंच झालतं. तुकडा काढला अन् अडीच महिन्यात माणूस गेला. चांगला चालत दवाखान्यात गेलता. तवापासून आमच्या घरी कोणी तुकड्याचं नाव काढू देत नाही. तुम्ही इचार करा, एवढंच.

शाळामास्तर
वर्धाकाठ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे दादांच्या चट्ट्याबद्दल काही सांगणार नाही. पण ऊतीचं सांगू शकतो, आणि ते कळलं की मॅडम काय म्हणाल्या तेही कळेल.

आपण कापसाच्या मुलखातली माणसं, तर तिथूनच सुरू करतो. एक धागा म्हणजे कापड नव्हे. हजारो धागे एका रीतीनं विणले की कापड होतं, आणि धोतराची वीण वेगळी, सतरंजीची वेगळी. पेशी आणि ऊती यांचं नातं असंच आहे. सारख्या घडणीच्या पेशी एकत्र येऊन एकच काम करतात, तेव्हा त्यांना ऊती म्हणतात. 'ओतप्रोत' शब्दातला 'ओत' विणण्याच्याच धातूपासून आलेला आहे, 'ऊती'ही त्याच घरातली. फ्रान्समध्ये झाव्हिए बिशा नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्यानं सूक्ष्मदर्शक न वापरता, प्रेतं चिरून, भिजवून, उकळून, वाळवून शरीरातल्या २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या केल्या. आजार अख्ख्या अवयवाला होत नाही, त्यातल्या विशिष्ट ऊतीला होतो, हे त्यानं ठासून सांगितलं. १८०२ मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम तिशीचा होता. मला वर्गात त्याच्याबद्दल सांगताना अजूनही भरून येतं.

आता आपण चार मुख्य प्रकार मानतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मटण होतं त्या घरातल्या पोरांना मी ताटातूनच शिकवतो. लाल मांस ती स्नायू ऊती. मांस हाडाला बांधणारी पांढरी चिवट दोरी, कानातलं कुरकुरीत हाड, खरं हाड, नळीच्या आसपासची चरबी, आणि हो, रक्तसुद्धा, हे सगळं संयोजी ऊतीत येतं. भेजा ती चेता ऊती. आणि आतड्याचं आतलं बुळबुळीत अस्तर, कातडीचा वरचा थर, ती अभिस्तर ऊती. पायाचं सूप रात्री ठेवलं की सकाळी थिजतं. ते ज्यामुळे थिजतं ते संयोजी ऊतीतलं कोलॅजेन. शरीरातल्या सगळ्या प्रथिनांत याचंच प्रमाण सर्वांत जास्त. दादांच्या गालात जे घडत असावं त्याच्याशी या कोलॅजेनचा संबंध येतो, म्हणून लक्षात ठेवा.

ऊतीवर ताण आला की ती गप्प बसत नाही, बदलते. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात, तो अभिस्तर ऊतीनं स्वतःला जाड करून घेतल्याचा परिणाम. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला की पोटरी बारीक होते, स्नायू कृश झाला. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की हृदयाची भिंत जाड होते. विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतलं केसाळ अस्तर जाऊन त्या जागी चपटं, राकट अस्तर येतं. धूर सोसायला ते बरं, पण कफ वर ढकलायचं काम त्याला येत नाही. म्हणून सकाळचा तो खोकला. पहिले दोन बदल कारण थांबलं की मागे फिरतात, तिसरा आणि चौथाही काही अंशी फिरतो. पण काही बदल फिरत नाहीत.

काचपट्टी
मी नागपूरला ऊती-तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, १४ वर्षं झाली. असे तुकडे रोज माझ्या हातातून जातात. मास्तरांनी पाया घातला आहे, मी तुकड्याचं सांगते.

आधी खर्रा. त्यातल्या सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते गालाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेनचे धागे जास्त करायला लावतं. सुपारीतलं टॅनिन त्या धाग्यांना चामडं कमावल्यासारखं पक्कं करतं. एरवी शरीर जुने धागे मोडून नवे घालत असतं, इथे मोडणं थांबतं आणि घालणं सुरूच राहतं. त्यामुळे मऊ गालाच्या आत दोरीसारखे पट्टे तयार होतात. मॅडमनी बोटानं तेच चाचपलं असणार. वरचं अस्तर मात्र उलट पातळ होत जातं, म्हणून ठेचा झोंबतो. तंबाखू आणि चुना या पातळ झालेल्या अस्तरावर तासन् तास बसून असतात. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी जायला हवीत. दोन जात नाहीत म्हणजे उशीर झालेला आहे. आणखी करू नका.

आता लाल चट्टा. तोंडाचं अस्तर फार वेगानं नवं होतं, सुमारे दोन आठवड्यांत जुन्या पेशी झडून नव्या येतात. दाताचा कोपरा लागून झालेली जखम म्हणूनच आठ-दहा दिवसांत दिसेनाशी होते. जी जागा तीन आठवड्यांत भरत नाही, तिथे नव्या पेशी घडवण्यातच बिघाड झाला असण्याची शक्यता असते. डॉक्टर दोन-तीन आठवड्यांचा हिशोब का धरतात, त्याचं कारण हे आहे.

तुकडा केवढा? बहुतेक वेळा ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. जागा बधिर करून घेतात, एखादा टाका पडतो. तुकडा लगेच फॉर्मालिनच्या, म्हणजे पेशी विरघळू न देणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत जातो, तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मालिन हवं. हे मी मुद्दाम सांगते आहे. एकदा एका गावाहून एका माणसानं पत्नीचा तुकडा साध्या पाण्यात घालून एसटीनं आणला होता. कुणी दिला तसा त्यानं आणला, त्याची काय चूक. पोहोचेपर्यंत पेशी स्वतःच्याच रसांनी विरघळल्या होत्या. त्या बाईंना पुन्हा टाका घालून घ्यावा लागला. तुमच्या हातात बाटली दिली तर विचारा, "यात फॉर्मालिन आहे ना?" आणि बाटलीच्या अंगावर नाव लिहून घ्या, झाकणावर नको. झाकणं बदलली जातात.

आमच्याकडे आल्यावर तुकड्यातलं पाणी अल्कोहोलनं काढतो, मग तो वितळलेल्या मेणात मुरवतो. मेण थिजलं की वडी तयार. त्या वडीचे काप यंत्रानं घेतो, एक काप ३ ते ५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतो आणि दोन रंगांत बुडवतो. पेशींची केंद्रकं जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. म्हणून अहवालाला दिवस लागतात. कुणी मुद्दाम रखडवत नाही.

मग डॉक्टर काय पाहतात? अस्तर आणि खालची संयोजी ऊती यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तो दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध. अस्तराच्या बाजूला रक्तवाहिन्या नसतात, त्या सगळ्या धुऱ्याच्या पलीकडे. बिघडलेल्या पेशी जोवर अलीकडे आहेत, तोवर त्यांना रक्तात किंवा लसिकेत (ऊतींतून झिरपून वाहणाऱ्या द्रवात) शिरायला वाटच नाही. त्या अवस्थेत धरलं तर तेवढी जागा काढून भागू शकतं. धुरा फुटून पेशी पलीकडे गेल्या की तो पसरणारा कर्करोग. गाल बाहेरून पाहून धुरा शाबूत आहे की फुटला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. त्यासाठी तुकडा.

कापूसवेचा भाऊ, तुमच्या मोठ्या बाबांबद्दल वाईट वाटलं. एक विचारते, राग मानू नका. तुकडा काढायच्या आधी त्यांचा फोड किती दिवसांचा होता? मानेत किंवा जबड्याखाली गाठ लागत होती का?

कापूसवेचा
ताई, राग कायचा. फोड वर्षभरापासून होता. तुळशीचा रस लावत, एका गावच्या वैदूची मुळी चघळत. जबड्याखाली बोराएवढी गाठ होती, आमची आजी हात लावून पायत जाय. दवाखान्यात नेलं तवा ती लिंबाएवढी झालती.

म्हणजे धुरा आधीच फुटला होता म्हणता तुम्ही.

काचपट्टी
हो भाऊ. गाठ लागली होती म्हणजे बहुधा पेशी मानेतल्या लसिकाग्रंथीत आधीच पोहोचल्या होत्या. तुकड्यानं त्या नेल्या नाहीत. शरीरात काही थोड्या जागा अशा आहेत, जिथे सुई किंवा चाकू कुठून घालायचा हे डॉक्टर फार जपून ठरवतात. तोंडाच्या अस्तराचा छोटा तुकडा त्यात येत नाही. तुमच्या घरच्यांना हे सावकाश सांगा. इतकी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट एका दिवसात सुटत नाही.

मोहफूल
मी गडचिरोलीकडची, आशा म्हणून काम करते. मास्तरांनी रक्ताला संयोजी ऊती म्हटलं ते वाचून थांबले. आम्हाला प्रशिक्षणात सिकल सेल हा रक्ताचा आजार शिकवला, पण रक्त ही ऊती आहे असं कुणी बोललं नव्हतं. रक्त तर वाहते, ते विणलेलं कसं?

शाळामास्तर
चांगला प्रश्न. संयोजी ऊतीची ओळख अशी की पेशी दूर दूर असतात आणि मधली जागा कशानं तरी भरलेली असते. हाडात ती जागा कॅल्शियमच्या क्षारांनी घट्ट भरलेली, कूर्चेत, म्हणजे त्या कुरकुरीत हाडात, लवचीक, रक्तात पातळ, त्याला आपण रक्तद्रव म्हणतो. शिवाय रक्ताच्या पेशी हाडाच्या आतल्या मज्जेतच जन्मतात, म्हणजे माहेरही एकच. मोहफूल, तुम्ही सिकलचं लिहा ना. ते आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

मोहफूल
लिहिते. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर एकच कडी बदललेली असते. तेवढ्यानं, प्राणवायू कमी झाला का लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसच. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. वाकड्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात, पुढच्या ऊतीला रक्त मिळत नाही. म्हणून हाडं दुखतात, पोटात कळ येते, कुणाकुणाचा खुब्याचा सांधा तरुणपणीच झिजून जाते. आजार रक्ताचा, पण मार हाडाले, प्लीहेले, फुप्फुसाले. लोक म्हणतात अंगात आलं, बाहेरचं झालं. माझ्या गावात एका पोरीले तीन वर्षं भगताकडे फिरवलं. विद्राव्यता चाचणी, म्हणजे रक्ताची पहिली तपासणी केली, मग पुढची तपासणी, तवा एसएस निघाली, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकल आलेली. आता हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीवर आहे, शाळेत जाते, थंडीत अन् तापात जपावं लागते, पाणी भरपूर प्यावं लागते.

अन् हे प्रत्येकानं लक्षात ठेवा. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे एएस, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएस मूल होण्याची. एक आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील असा हिशोब नसते. लग्नाआधी तपासा. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सिकल सेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं आहे, त्यात तपासणी फुकट होते. मी पत्रिका पाहू नका म्हणत नाही, रक्तही पाहा म्हणते.

तूरडाळ
माझं माहेर वरोऱ्याजवळ. आनंदवन आम्हाला लहानपणापासून माहीत, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेलं. माझ्या आजोबांना कुष्ठरोग होता, हे आता मोकळेपणानं सांगते. त्यांच्या कातडीवरचा चट्टा औषधानं गेला, पण हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वाकडंच राहिलं. लहानपणी मला वाटे, औषध अर्धंच लागू पडलं. नंतर कळलं की जंतू कातडीत जसा असतो तसाच नसांतही शिरतो, नसेभोवती आवरण घालणाऱ्या पेशींत राहतो. कोपराजवळची नस जाड होते. जंतू मेला, कातडी नवी आली, पण मेलेली नस परत आली नाही. आजोबा चुलीवरचं गरम भांडं हातानं उचलायचे आणि त्यांना कळायचंच नाही. आजी ओरडायची.

म्हणून सुन्न चट्टा असला की लगेच दाखवा. औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर. चट्टा दुखत नाही म्हणून लोक थांबतात, पण न दुखणं हीच खूण आहे.

सोनचाफा
वर्धाकाठ, आमच्याकडे तूप-हळद लावून तोंडाची आग कमी झाली होती. खर्रा बंद करून महिनाभर पाहा, मग तुकड्याचं ठरवा.

काचपट्टी
तूप-हळदीनं आग कमी वाटेल, वाटू दे. खर्रा आजपासूनच बंद, तेही बरोबर. पण महिना थांबायचं नाही. दीड महिना आधीच गेला आहे.

वर्धाकाठ
मंडळी, उशिरा लिहून राहिलो, वेचणी सुरू होती.

सोमवारी गेलो. रविवारी रात्री मी दादाले धुऱ्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणे, "आपला धुरा फुटला का नाही ते पाहून तर येऊ." वहिनी सोबत आल्या. तुकडा काढायले दहा मिनिटं लागली, एक टाका. बाटलीबद्दल विचारलं, फॉर्मालिन होतं, नाव अंगावर लिहिलं होतं.

आठ दिवसांनी अहवाल आला. मॅडमनं समजावलं, पण घरी येईस्तोवर निम्मं विसरलो. मराठीत सांगतो: अस्तर पातळ झालेलं, खाली कोलॅजेन दाट. पेशींत सौम्य दर्जाचा बिघाड. आधार पडदा, म्हणजे तो धुरा, शाबूत. कर्करोग दिसत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायले सांगितलं आहे अन् तोंड उघडायचा व्यायाम. सौम्य म्हणजे काय? मागे फिरते का हे?

काचपट्टी
वाचून फार बरं वाटलं. अस्तराच्या जाडीचे तीन भाग कल्पा. बिघडलेल्या पेशी फक्त तळाच्या भागात असल्या तर ढोबळमानानं सौम्य, मध्यापर्यंत आल्या तर मध्यम, वरपर्यंत तर तीव्र. दादा पहिल्या पायरीवर आहेत. खर्रा पूर्ण सुटला तर हा बिघाड मागे फिरू शकतो, फिरेलच असं नाही. म्हणून तीन महिन्यांच्या तारखा चुकवू नका, आग थांबली तरीही. खालचे पट्टे मात्र बहुतेक तसेच राहतात, व्यायामानं आणि मॅडम देतील त्या औषधानं तोंड थोडं जास्त उघडतं. खर्रा सुरू राहिला तर यातलं काहीच चालणार नाही.

अहवालावर एक क्रमांक असेल, तो वहीत लिहून ठेवा. तुमच्या तुकड्याची मेणाची वडी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ठेवतात. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तीच वडी किंवा काच मागता येते, पुन्हा तुकडा काढायची गरज पडेलच असं नाही.

शाळामास्तर
व्यायामासाठी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या वापरायला सांगतात, एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, काही दिवसांनी एक वाढवायची. किती आणि किती वेळ, ते मॅडमना विचारा. जबड्याचा चावायचा स्नायूही इतके महिने कमी हलल्यानं आखडलेला असतो, त्यामुळे पहिले दिवस दुखेल.

कापूसवेचा
वर्धाकाठ भाऊ, दादाले सांगा, एका अनोळखी माणसानं राम राम सांगितला म्हणून. माह्या चुलतभावाच्या जिभेवर पांढरा डाग आहे, चार महिने झाले. मोठ्या बाबाचाच पोरगा. कालच त्याच्या आईसोबत बोललो, म्हणजे माह्या मोठ्या आईसोबत. ती आधी रडली, मग म्हणाली घेऊन जा. ताई, शनिवारी ऊती-तपासणी सुरू असते का?

काचपट्टी
तुकडा घेणं दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात असतं, शनिवारी बहुतेक ठिकाणी दुपारपर्यंतच. सकाळी आठला पोहोचा, आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कागद लागतात.

वर्धाकाठ
क्रमांक वहीत लिहिला. खर्रा बंद होऊन आज एकोणीस दिवस झाले, दादा दिवसभर लवंग चघळते, चिडचिड करते, पोरं त्याच्यापासून दूर राहतात. काड्या किराणा दुकानात मिळाल्या नाहीत. शेवटी पुलगावच्या कुल्फीवाल्याकडून शंभराचा गठ्ठा आणला. काल सकाळी अकरा काड्या गेल्या, आज बारावी अर्धी सरकली.